आभाळाचा वाटा

कोंबड्या पाळायला लागल्यावर माणसाची मान वर जाते. उंचावते असं मी म्हणत नाही. कोंबड्या पाळून कोणाची मान उंचावल्याचं ऐकिवात नाही. नुसती वर जाते. एरवी कोकणातला माणूस आभाळाकडे वर्षातून दोनदा बघतो. मे अखेरीस, पाऊस कधी लागतो म्हणून. आणि गणपतीच्या तोंडावर, तो कधी उघडतो म्हणून. पण परड्यात एकदा का कोंबडी पिल्लं घेऊन उतरली, की दात घासताना, कपडे वाळत घालताना, फोनवर व्याह्यांशी बोलतानासुद्धा एक डोळा वर असतो. “हो हो, तुमचं बरोबर आहे,” असं आपण म्हणतो आणि मनात चाललेलं असतं की आता माडाच्या शेंड्यामागून सरकली ती सावली कोणाची?

आमचं घर मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पुढे सारवलेलं खळं, मागे परडं, परड्याला चिऱ्यांचा गडगा आणि गडग्यापलीकडे काजूंचा डोंगर. कोंबड्यांना याहून चांगली जागा मिळायची नाही. दुर्दैवाने वरून बघणाऱ्यांचंही हेच मत आहे. कोंबड्या सगळ्या गावठी. मध्यंतरी कोणीतरी बंगळूरच्या गिरिराज जातीचं कौतुक सांगितलं आणि आमच्या घरात सुधारणेचं वारं शिरलं. अंडी जास्त, वजन जास्त, सगळंच जास्त. शेजारच्या काकींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आणि घार इली तर ती धावतली?” सुधारणा तिथेच थांबली. गावठी कोंबडी अंडी कमी घालते, पण आपल्याला पंख आहेत हे ती विसरलेली नाही. संध्याकाळी खुराड्यात कोंबायला जावं तर ती फणसावर चढून बसते आणि तिथून आपल्याकडे बघते.

आता वरच्या मंडळींविषयी. गावात बाकदार चोचीचं जे काही आभाळात फिरेल ती घार. फिर्याद एकाच नावाने लागते. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो, पण रोज मान वर करून बघायला लागल्यावर माणसं वेगवेगळी दिसायला लागली. (माणसं म्हणायची सवय मला कोंबड्यांमुळे लागली, ती आता वर पोचली आहे.) साधी काळपट घार ओळखायला सोपी; तिची शेपटी टोकाला दुभंगलेली असते आणि वळताना ती ही शेपटी नुसती पिरगाळते, पंख हलवायचे कष्ट घेत नाही. वजन म्हणाल तर किलोच्या आत. एवढ्याशा ऐवजाने वाढलेली कोंबडी उचलून नेली असं जे लोक सांगतात, ते बहुधा त्या कोंबडीची हाडं मागल्या दाराने टाकून आलेले असतात. घारीचं लक्ष पिल्लांवर, तेही पहिल्या काही आठवड्यांपुरतं. पिल्लू तळहातात मावेनासं झालं की तिचा त्याच्यातला रस संपतो.

दुसरी ब्राह्मणी घार. विटकरी अंग, शुभ्र डोकं आणि छाती. किनाऱ्यावर रापण ओढायला लागले की ही वर घिरट्या घालू लागते. जाळ्यातून उडालेली मासळी, वाळूत पडलेले खेकडे, होडीच्या कडेला टाकलेली घाण यांवर तिचं चाललेलं असतं. कितीतरी लोक तिलाच विष्णूचा गरुड मानून हात जोडतात, आणि ती एखाद्या मेलेल्या बांगड्यावर उतरेपर्यंत ते जोडलेलेच असतात. पिल्लाकडे ती क्वचित वळते. तिसरा समुद्री गरुड. पोट पांढरं, पाठ राखाडी, पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचा हा एवढा भारा रचतो आणि वर्षानुवर्षं त्याचीच डागडुजी करून राहतो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या लोकांनी कोकण किनाऱ्याने हिंडून या गरुडांची घरटी शोधली, त्यांच्या नोंदी केल्या. खातो मासे आणि समुद्रसाप. तो परड्यावरून जातो तेव्हा सगळं परडं झाकोळतं, कोंबड्या मातीला चिकटतात, पण त्याला आमच्याकडे काही काम नसतं. मोठ्या माणसाने लग्नाला यावं, अहेर घेऊन, न जेवता निघून जावं, तसा तो जातो.

खरा कसबी निराळाच. शिक्रा. आकार कबुतराएवढा, वर राखी, छातीवर तांबूस बारीक रेघा, नराचे डोळे लाल. तो घिरट्या घालत नाही, जाहिरात करत नाही. आंब्याच्या आतल्या फांदीवर खोडाला टेकून बसतो आणि आपण चहा पीत त्याच आंब्याकडे बघत असलो तरी दिसत नाही. मग एका क्षणी जमिनीलगत एक रेघ जाते. ती सरड्यावर गेली, उंदरावर गेली की पिल्लावर, हे संध्याकाळी मोजदाद केल्यावर कळतं. आणि एखादं पिल्लू कमी भरलं की आम्ही सगळे एकमुखाने म्हणतो, “घारीने नेलं.” काजूच्या डोंगराच्या वरच्या अंगाला, जिथे जुनं रान शिल्लक आहे, तिथून कधीमधी मोरघार येते. डोक्यावर तुरा, अंगाने दणकट. तिला मात्र वाढलेली कोंबडीही झेपते. पण ती येते वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी, आणि तिच्या येण्याची गोष्ट पुढे बराच काळ पुरते.

घारीची मला अलीकडे थोडी दया येऊ लागली आहे, त्याचं कारण मराठी भाषा. आपण लहानपणापासून काय ऐकत आलो? घार उंच आभाळात फिरत असली तरी तिचा जीव घरट्यातल्या पोरांत गुंतलेला असतो. संतांनी हा दाखला दिला, कीर्तनकारांनी तो गावोगाव नेला, आणि ‘माझी आई’ या निबंधातून कुठल्याच शाळकरी पोराने तो गाळला नाही. आईपणाचं एवढं मोठं मानपत्र दुसऱ्या कुठल्या पाखराला मिळालेलं नाही. मात्र जीव पोरांत गुंतवून ती आभाळात नेमकी कशासाठी फिरत असते, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही. ती पोरांसाठी बाजाराला निघालेली असते, आणि बाजार म्हणजे आमचं परडं. खाली दुसरी आई अंगाखाली पिल्लं घेऊन बसलेली असते. तिच्यावर एकही ओवी नाही. उलट ‘कोंबडीचं काळीज’ म्हटलं की आपण हसतो.

त्यात दोघींचा हंगाम एकच. घारी थंडी सरताना घरटी बांधायला घेतात. महिनाभर अंड्यांवर बसतात आणि उन्हं तापायच्या सुमारास त्यांची पोरं सारखी भूक भूक करू लागतात. आमच्या कोंबड्याही त्याच दिवसांत खुडूक होतात, 21 दिवस बसून पिल्लं काढतात आणि वाऱ्याला पिसं उडत असतील अशा वेळी त्यांना खळ्यात उतरवतात. एकाच वाडीत दोन बाळंतिणी आणि दोघींच्या पथ्यात एकच पदार्थ, असा हा प्रकार आहे. पाऊस जोराने लागला की कोकणातल्या घारी विरळ होतात, थोडे दिवस आभाळ रिकामं राहतं. तेव्हा पिल्लं काढावीत तर पिल्लं गारठ्याने मरतात. कोंबडीला हे ठाऊक आहे आणि घारीलाही.

मागच्या थंडीतली एक झडप मी हाताच्या अंतरावरून पाहिली. खळ्यात कणी टाकून मी पायरीवर बसलो होतो. पिल्लं दहा-बारा दिवसांची, अजून पायांत अडखळणारी. घार घराच्या मागून, कौलांच्या आढ्यावरून आली. म्हणजे आम्हाला दिसायच्या आधीच ती खाली होती. आवाज नाही. पंख अर्धवट मिटलेले, पिवळे पाय पुढे काढलेले. आणि त्या पायांच्या आड माझी तांबडी कोंबडी कधी आली ते मला कळलंच नाही. ती उडाली असं म्हणता येणार नाही. ती फुटली. सगळी पिसं उभी, मान ताणलेली, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर ती घारीच्या छातीला जाऊन भिडली. एक धप्प असा आवाज झाला, गोणी टाकल्याचा. घारीचे पंजे मिटले ते भुईवरच्या गवताच्या काडीवर. काडी घेऊन ती गेली. काडी पंजात आहे हे तिच्या लक्षात माडापाशी आलं असावं, कारण तिथे ती सोडलेली मी पाहिली.

मग पिल्लं शोधायची पाळी आली. एक उपड्या घमेल्याच्या कडेला, दोन तुळशीवृंदावनाच्या सावलीत, एक माझ्या चपलेला टेकून. डोळे टक्क उघडे, बाकी अंगात काही हालचाल नाही. मी “तीऽ तीऽ” केलं, कणी फेकली, एकही हललं नाही. माणसाच्या सांगण्यावर आभाळ मोकळं झाल्याचा भरवसा ती ठेवत नाहीत. तांबडीने अंग झाडलं, खाली मान घालून घशातल्या घशात दोनदा कुरकुर केली, तशी सगळी एकदम निघाली. पुढच्याच मिनिटाला ती नखांनी माती उकरत होती. आम्ही मात्र ती गोष्ट संध्याकाळपर्यंत सांगत होतो, आणि रात्री ती मुंबईला फोनवरही गेली.

या सगळ्या वेळात कोंबडा कुठे होता, असा प्रश्न माझ्या बायकोने विचारला. कोंबडा चुडतांच्या ढिगाखाली होता. तिथून तो ओरडत होता. बायकोने त्यावर जे म्हटलं ते फक्त कोंबड्याविषयी नव्हतं, म्हणून इथे देत नाही. पण कोंबड्याच्या बाजूनेही बोलायला हवं. तो ओरडतो म्हणून बाकीचे वाचतात, आणि त्याचं ओरडणं वाटतं तितकं ढोबळ नसतं. जमिनीवरून कुत्रा, मुंगूस असं काही आलं तर तो ‘कॉक-कॉक-कॉक-कॅऽक’ असा तुटक कोलाहल करतो. कोंबड्या माना उंच करून चोहीकडे बघतात. वरून काही आलं तर मात्र बारीक, लांबट, शिटीसारखा एकच सूर निघतो, आणि सगळ्या आडोशाला पळून दबून बसतात. पीटर मार्लर आणि ख्रिस्तोफर इव्हान्स या पक्ष्यांच्या आवाजांवर काम करणाऱ्या संशोधकांनी 1990च्या दशकात कोंबड्यांच्या डोक्यावर टीव्हीचा पडदा बसवून त्यावर ससाण्याची आकृती फिरवून दाखवली. कोंबडा त्या चित्रालाही आभाळवाला सूर लावून ओरडला. ससाणा टीव्हीवरचा आहे म्हणून त्याने सूट दिली नाही. आपल्याकडे संध्याकाळच्या मालिका बघताना पडवीत होतं तेच हे.

याच संशोधनात आणखी एक गोष्ट निघाली, ती मी बायकोला अजून सांगितलेली नाही. आजूबाजूला कोंबडी असेल तर कोंबडा इशारा देतो. एकटा असेल तर ससाणा दिसूनही बहुतेक वेळा गप्प राहतो. शौर्य ऐकायला कोणीतरी असावं लागतं.

कोंबडी ओरडत नाही, बघते. तिचं बघणं पाहण्यासारखं असतं. दाणे टिपता टिपता मध्येच थांबते, डोकं एका बाजूला कलतं करते आणि एकच डोळा वर लावते. हा डोळा बहुतेक वेळा डावा असतो. कोंबडीचे दोन डोळे दोन खात्यांत वाटलेले आहेत. उजवा दाणा आणि खडा यांतला फरक करण्यात तरबेज, डावा वरच्या शत्रूवर. असं हे पाखरू एकाच वेळी पोटाकडे आणि जिवाकडे बघत असतं.

वर दिसेल त्या प्रत्येकाला घाबरायचं असा नियम पिल्लं जन्मतःच घेऊन येतात. पान गळलं तरी दबतात, बगळा गेला तरी दबतात, काकींनी गडग्यावर चादर झटकली तरी दबतात. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी 1937च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या आल्टेनबर्गला तारेवरून पुठ्ठ्याच्या आकृत्या पाखरांच्या डोक्यावरून ओढल्या. एकच आकृती एका दिशेने गेली तर आखूड मानेचा ससाणा आणि उलट दिशेने गेली तर लांब मानेचा हंस. ससाण्याला पाखरं घाबरली, हंसाला नाही. त्यावरून पुष्कळ काळ असं समजलं गेलं की ससाण्याची आकृती पाखराच्या रक्तातच असते. पुढे 1961 साली श्लाइट नावाच्या संशोधकाने टर्कींवर दाखवलं की गोष्ट त्याहून साधी आहे: जे रोज दिसतं त्याची भीती मरते, क्वचित दिसतं त्याची राहते. हे कळायला आम्हाला चिपीचा विमानतळ पुरला. 2021च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला, आणि पहिली विमानं आमच्या डोंगरावरून खाली येऊ लागली तेव्हा अख्ख्या वाडीतले कोंबडे बारीक सूर लावत, कोंबड्या पिल्लांसकट काजूखाली. काही दिवसांनी विमान आलं की नुसती मान कलती होऊ लागली. आता तीही होत नाही. घरातल्या माणसांना मात्र विमान आलं की अजून बाहेर यावंसं वाटतं.

राखणीचे उपाय गावात हवे तेवढे आहेत, प्रत्येकाचा निराळा आणि प्रत्येकाचा रामबाण. कोणी जुन्या सीडी दोऱ्याला बांधून लावतं; त्या चमकतात, घार पहिल्या दिवशी बिचकते, तिसऱ्या दिवशी त्याच दोरीच्या खांबावर बसते. कोणी पिल्लांना गुलाबी, हिरवा रंग फासतं, म्हणजे घारीला ते खाणं वाटू नये. एकाने मेलेला कावळा टांगायचा सल्ला दिला, तेव्हा काकींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मच्छीमारांकडून टाकाऊ जाळं आणून परड्यावर ताणणं हा बरा उपाय, पण त्यात पहिल्यांदा मीच अडकतो आणि मग शेवग्याच्या शेंगा. सगळ्यात टिकाऊ उपाय फुकटातला आहे. माडाची पडलेली चुडतं गडग्याला तिरकी उभी करून ठेवायची, जास्वंद आणि अबोली दाट वाढू द्यायची, परडं फार झाडायचं नाही. पिल्लाला कुठूनही दोन ढांगांत आडोसा मिळाला की बाकीचं त्याची आई बघते. परडं न झाडण्याला इतकं पोक्त कारण मिळाल्याचं समाधान मी लपवत नाही.

शिवाय तारेवर कोतवाल असावा लागतो. काळा, दुभंगल्या शेपटीचा हा मूठभर पक्षी घरट्याच्या दिवसांत घारीच्या पाठीवर बसून तिला टोचत खाडीपार नेतो. शिक्र्याच्या आवाजाची तो अशी हुबेहूब नक्कल करतो की सगळं परडं आधी दबतं आणि मग ओशाळतं. कावळेही घारीला हाकलतात, पण त्यांच्या उपकाराने हुरळून जाऊ नये. ते जागा मोकळी करतात ती स्वतःसाठी. अंड्यांचा हिशेब ज्याने ठेवला आहे त्याला हे ठाऊक असतं.

गलोल घेणारेही आहेत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घार आणि तिच्या सगळ्या भाऊबंदांना संरक्षण दिलेलं आहे, हे मी वाडीतल्या मुलांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, मग कोंबडीच्या पिल्लाला कुठला कायदा? मी म्हटलं, तुमची आई. आणि विषय बदलला.

काकींचा या बाबतीतला कायदा सगळ्यात जुना आहे. “तो आभाळाचो वाटो,” त्या म्हणतात, “तो द्यावकच व्होयो. तिचीव पोरां आसत.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे फार उदात्त वाटलं. मग मी कोंबड्यांच्या वाटेकऱ्यांची यादी मनाशी करून पाहिली, तेव्हा त्यातला व्यवहार दिसला. वर्षाला एक कोंबडा राखणदाराला लागतो. तो सीमेवर बसून गाव सांभाळतो, त्याचं मोडून चालत नाही. एक गटारीला. जावई आले की एक, आणि जावई कोंबडी-वड्यांची तारीफ करून एक दिवस जास्त राहिले की आणखी एक. चाकरमानी मे महिन्यात येतात ते “गावठी मिळेल ना?” असं आधी फोनवर विचारूनच निघतात. मुंगूस मिळेल तेव्हा. उदमांजर रात्री खुराड्याची फळी ढिली असेल तेव्हा. धामण अंडी गिळते. अजगर एकदा फटीतून आत शिरला, जेवला, आणि जेवल्यामुळे त्याच फटीतून त्याला बाहेर पडता येईना. सर्पमित्राने येऊन त्याला पोत्यात घातला तेव्हा तो आमच्याकडे पाहुण्यासारखा संकोचून बघत होता. आणि या सगळ्यांच्या वर मानमोडी. राणीखेत नावाने ओळखला जाणारा हा रोग वाडीत शिरला की आठवड्यात खुराडी ओस पडतात. पशुवैद्यकाकडून लासोटा लसीचे थेंब वेळेवर पाजले नसतील तर घारीला न्यायलाही काही उरत नाही. एवढ्या सगळ्या पंगतीत घार येते ती पानाच्या कडेची लिंबाची फोड उचलायला. पण जावयाविरुद्ध ओरडता येत नाही, देवाविरुद्ध तर नाहीच, मुंगूस दिसत नाही, विषाणूला डोळे वटारता येत नाहीत. उघड्यावर, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमक्ष येणारी एकटी घारच, म्हणून तिच्या नावाने शिमगा.

वर या मंडळींचं आपल्यावर थोडं येणंही आहे. माझ्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडं उतरत. डायक्लोफेनॅक नावाचं जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक त्यांच्या पोटात गेलं आणि ती थव्याथव्यांनी मेली. जनावरांसाठी त्या औषधावर 2006 साली बंदी आली तोवर आभाळ बरंचसं रिकामं झालं होतं. आता गावाबाहेर जे पडतं ते कुत्री, कावळे आणि घारी यांच्यावर आहे. कणगीतला उंदीर आणि खुराड्यातून पिल्लू ओढून नेणारी घूस यांच्यामागे रात्री गव्हाणी घुबड असतं. दिवसा उंदरांवर शिक्रा असतो. यांची मजुरी आपण कधी धरली नाही.

जुन्या दिल्लीत लोक घारींना मुद्दाम मांसाचे तुकडे भिरकावतात, दानधर्म म्हणून, आणि तिथे घारींची घरटी इतकी दाट आहेत की शिकारी पक्ष्यांच्या अभ्यासकांना त्याचं नवल वाटतं. आमच्याकडे बाजारातल्या चिकनच्या दुकानामागे रोज सकाळी घारी जमतात. दुकानदार आतडी, पाय, डोकी बादलीभर मागे ओततो, आणि घारी रांग न लावता पण बऱ्यापैकी शिस्तीने ती उचलतात. म्हणजे घारीच्या पोटात जाणारी बहुतेक कोंबडी आपणच कापून, साफ करून तिला पोचती करतो. त्यातलं एखादं पिल्लू तिने स्वतः येऊन, आपल्याला न विचारता नेलं, एवढाच काय तो आपला आक्षेप.

रानात हे सगळं माणसावाचून चालत आलेलं आहे. डोंगरावरच्या जुन्या रानातून पहाटे रानकोंबड्याची बांग येते, आमच्या कोंबड्याच्या बांगेपेक्षा तुटक आणि घोगरी. या राखी रानकोंबड्याचं रक्त आमच्या परड्यातही थोडं आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पाळीव कोंबडीच्या पायांचा पिवळेपणा त्याच्याकडून आलेला आहे. तो रानात मोरघारीच्या नजरेखाली राहतो, त्याला खुराडं नाही, सीडी नाही, जाळं नाही. चुडतंही कोणी तिरकी लावून देत नाही.

या शिमग्याच्या आधी आमच्याकडे दोन तलंगे कोंबडे वाढले. दोघेही सारखेच तगडे, दोघांच्याही तुऱ्यावर सारखंच तेज. एकाला ठेवायचं, एकाला राखणदाराकडे न्यायचं. मी वजन, रंग, पायांची ठेवण अशा शास्त्रीय मुद्द्यांवर आलो होतो. काकी गडग्यावरून थोडा वेळ बघत राहिल्या. तेवढ्यात खाडीकडून घार आली. एका कोंबड्याने बारीक सूर लावला, दुसरा दाणे टिपत राहिला.

“बोंबलता तो ठेव,” काकी म्हणाल्या. “गप रवता तो वड्यांवांगडा.”

निकाल लागला. राखणदाराच्या नैवेद्याचा प्रसाद वड्यांबरोबर फार चांगला लागला. मग लक्षात आलं की काकींच्या सासूबाईही याच नियमाने चालत आल्या असणार आणि त्यांच्या सासूबाईही; पिढ्यान् पिढ्या या वाडीतला प्रत्येक गप्प कोंबडा वड्यांकडे गेलेला आहे आणि प्रत्येक बोंबल्याने वंश वाढवलेला आहे. त्याचा परिणाम असा, की आमच्या वाडीतले कोंबडे आता घारीला ओरडतात, बगळ्याला ओरडतात, पतंगाला ओरडतात, आणि कोंबडी जवळ नसतानाही ओरडतात, मार्लर आणि इव्हान्स काहीही म्हणोत. मुंबईचे पाहुणे पहाटे डोळे चोळत पडवीत येतात आणि म्हणतात, तुमच्याकडे झोप नाही लागत हो, कोंबडे फार ओरडतात. मग ते विचारतात, दुपारी काय आहे जेवायला?